नोंदणी-चिन्ह आणि त्याचे वाचन : ब्रिटनमधील खाजगी वाहन-क्रमांकांची खरेदी, पडताळणी व हस्तांतर

मोटारगाडीच्या पाटीवरील अक्षरे व अंक हा भाषाभ्यासकाने विचारात घ्यावा असा विषय आहे काय, अशी शंका प्रथमदर्शनी येणे स्वाभाविक आहे. नोंदणी-क्रमांक हा कोशातला शब्द नव्हे. त्याला वाच्यार्थ नाही, व्युत्पत्ती नाही. तथापि ग्रेट ब्रिटनमध्ये असे क्रमांक विकत घेण्याचा, राखून ठेवण्याचा व एका गाडीवरून दुसऱ्या गाडीवर नेण्याचा व्यवहार गेली अनेक वर्षे शासनाच्या अनुमतीने, किंबहुना शासनाच्या प्रत्यक्ष सहभागाने चालू आहे. आणि त्यात मोजल्या जाणाऱ्या रकमा पाहता हा निव्वळ हौसेचा विषय राहिलेला नाही, हे सहज ध्यानात येते. ह्या व्यवहारात पैसे कशाचे दिले जातात? त्या वर्णांत व अंकांत कोणाला तरी स्वतःचे नाव, आद्याक्षरे, व्यवसाय किंवा एखादा परिचित शब्द वाचता येतो, ह्याचे. म्हणजे ज्याला अर्थ नाही असे आपण आताच म्हटले, त्याला ग्राहकाने अर्थ बहाल केलेला असतो, आणि त्या अर्थासाठी तो किंमत मोजतो.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच आहे, की ग्राहक जे विकत घेऊ पाहतो आणि शासन जे देते, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. ग्राहकाला हवे असते एक वाचन. शासन देते तो एक विवक्षित वर्णक्रम विवक्षित वाहनावर लावण्याचा हक्क. खरेदी, पडताळणी व हस्तांतर ह्यांचे बहुतेक सर्व नियम ह्या भेदातून समजून घेता येतात, आणि ह्या व्यवहारात होणारे नुकसानही बहुधा हा भेद विसरल्यामुळेच होते. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न परका नाही. आपली आडनावे रोमन लिपीत बसवताना काय होते, ह्याचे एक उदाहरण पुढे घेतलेच आहे.

लेखनसोयीसाठी रोमन अक्षरांची नावे येथे नागरीत दिली आहेत आणि अंकही नागरी वापरले आहेत. प्रत्यक्ष पाटीवर रोमन अक्षरे व इंग्रजीत रूढ असलेले अंक असतात, हे वाचकांनी गृहीत धरावे.

१. चिन्ह आणि पाटी

ब्रिटिश कायद्याच्या भाषेत ह्या वस्तूला ‘नोंदणी-चिन्ह’ म्हणतात. ‘क्रमांक’ हा लोकव्यवहारातला शब्द. कायद्याची संज्ञा अधिक अचूक आहे. जॉन स्टुअर्ट मिल ह्याने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रविषयक ग्रंथात विशेषनामांविषयी असे प्रतिपादन केले होते, की ती वस्तूचा निर्देश करतात, परंतु तिच्या गुणधर्मांविषयी काही सांगत नाहीत. मनुष्याच्या नावांना हा सिद्धांत कितपत लागू पडतो ह्याविषयी पुढे पुष्कळ वाद झाला. वाहनाचे नोंदणी-चिन्ह मात्र ह्या कल्पनेच्या फार जवळ जाते: एका वेळी एक चिन्ह एकाच वाहनाचे, आणि त्याचे काम ते वाहन इतरांपासून वेगळे ओळखू येण्याचे.

दुसरा भेद अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स ह्याच्या नावाशी निगडित आहे. लेखातील ‘आणि’ हा शब्द एकच. पण पानावर तो दहा वेळा छापला असेल तर त्याच्या दहा मुद्रित आकृती असतात. पहिल्याला ‘प्ररूप’ व दुसऱ्याला ‘प्रतिरूप’ म्हणता येईल. नोंदणी-चिन्ह हे प्ररूप आहे. गाडीच्या पुढे-मागे बसवलेल्या पाट्या ही त्याची प्रतिरूपे होत. पाटी प्लॅस्टिकची असते, ती मोडते, बदलता येते, दुकानात तयार करून मिळते. चिन्हाचे वास्तव्य मात्र स्वॉन्सी येथील वाहननोंदणी कार्यालयाच्या दप्तरात असते. पाटी हाती आली म्हणजे चिन्ह हाती आले, असा समज करून घेणारा मनुष्य प्रतिरूपालाच प्ररूप समजत असतो. पाटी तयार करून देणाऱ्या नोंदणीकृत विक्रेत्यालाही म्हणूनच ग्राहकाची ओळख व त्या चिन्हावरील त्याचा हक्क ह्यांचे कागद पाहावे लागतात.

२. चिन्हाची घडण व तिचा इतिहास

१९०३ च्या मोटारगाडी-कायद्यान्वये ब्रिटनमध्ये वाहननोंदणी सक्तीची झाली व १ जानेवारी १९०४ पासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. प्रत्येक परगण्याला व मोठ्या शहराला एक किंवा दोन अक्षरांचा संकेत मिळाला आणि त्यापुढे अनुक्रमांक. लंडन परगण्याला ‘ए’, एसेक्सला ‘एफ’ अशी ही वाटणी होती. ह्या टप्प्यावर चिन्ह फक्त स्थळ सांगत होते. संख्या अपुऱ्या पडू लागल्यावर १९३२ पासून तीन अक्षरे व तीनपर्यंत अंक अशी रचना आली.

१९६३ साली मोठा पालट झाला. चिन्हाच्या शेवटी वर्ष सुचवणारे एक अक्षर जोडण्यास प्रारंभ झाला आणि १९६५ पर्यंत ही पद्धत सर्वत्र सक्तीची झाली. १९८३ च्या ऑगस्टपासून हे वर्षाक्षर आरंभी आले. १ सप्टेंबर २००१ पासून आजची रचना सुरू आहे: आरंभी दोन अक्षरे, ती नोंदणीचे स्थळ दर्शवितात, मग दोन अंक, ते काळ दर्शवितात, आणि शेवटी तीन अक्षरे, त्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. मार्चमध्ये सुरू होणाऱ्या सहामाहीसाठी वर्षाचे शेवटचे दोन अंक घेतात, सप्टेंबरच्या सहामाहीसाठी त्यांत ५० मिळवितात. म्हणून ‘०४’ म्हणजे २००४ चा मार्च व ‘५४’ म्हणजे त्याच वर्षाचा सप्टेंबर. ‘आय’ व ‘क्यू’ ही अक्षरे ह्या रचनेत वापरीत नाहीत. ‘झेड’ फक्त शेवटच्या तीन अक्षरांत येऊ शकते.

उत्तर आयर्लंडची परंपरा वेगळी. तेथील संकेतांत ‘आय’ किंवा ‘झेड’ हे अक्षर असते आणि वर्ष सुचवणारा घटक मुळीच नसतो.

ह्या इतिहासाचा बाजारभावाशी थेट संबंध आहे. १९६३ पूर्वीची व उत्तर आयर्लंडची चिन्हे कालनिरपेक्ष असल्यामुळे ती कोणत्याही वयाच्या गाडीवर लावता येतात आणि गाडीचे वय उघड करीत नाहीत. जे चिन्ह वाहनाविषयी कमी सांगते त्याला अधिक मागणी, असा हा प्रकार आहे. मिलच्या परिभाषेत बोलावयाचे तर चिन्ह शुद्ध विशेषनामाच्या जितके जवळ, तितके ते महाग.

अर्थ मागाहून कसा येतो, ह्याचे ‘एफ १’ हे चिन्ह उत्तम उदाहरण आहे. एसेक्स परगण्याला ‘एफ’ मिळाला तेव्हा त्यामागे कोणताही शब्द नव्हता. मोठ्या परगण्यांना वर्णमालेतील अक्षरे क्रमाने दिली गेली होती. पुढे मोटार-शर्यतींच्या एका प्रकाराला ‘फॉर्म्युला वन’ हे नाव पडले, १९५० साली त्याची जागतिक विजेतेपदाची स्पर्धा सुरू झाली, आणि परगण्याचा पहिला अनुक्रमांक त्या शर्यतीचे लघुरूप म्हणून वाचला जाऊ लागला. २००८ साली एसेक्सच्या परगणा-परिषदेने हे चिन्ह लिलावात ३,७५,००० पौंडांना विकले. चिन्हात तसूभरही बदल झाला नव्हता; बदलली होती ती वाचकांची भाषा. सोस्यूरने प्रतिपादन केलेली चिन्ह व अर्थ ह्यांच्या संबंधातील यादृच्छिकता विद्यार्थ्यांना समजावून देण्यास ह्याहून सोपे उदाहरण मिळणे कठीण.

३. खरेदी

१९८९ सालापासून ब्रिटिश शासन स्वतः चिन्हांची विक्री करू लागले. त्याचे दोन मार्ग आहेत: ठरावीक किंमतीची विक्री, तिच्यात २५० पौंडांपासून चिन्हे मिळतात; आणि लिलाव. ह्याखेरीज खाजगी व्यापारी व व्यक्ती ह्यांच्याकडूनही चिन्हे घेता येतात.

लिलावात पुकारलेली किंमत व द्यावी लागणारी रक्कम ह्यांत बरेच अंतर असते, हे प्रथम लक्षात ठेवले पाहिजे. २०१४ साली ‘२५ ओ’ हे चिन्ह शासकीय लिलावात ४,००,००० पौंडांच्या बोलीस गेले. त्यावर ८ टक्के खरेदीदार-अधिभार म्हणजे ३२,००० पौंड. त्या एकूण ४,३२,००० पौंडांवर २० टक्के मूल्यवर्धित कर म्हणजे ८६,४०० पौंड. आणि चिन्ह वाहनास लावून देण्याचे शुल्क ८० पौंड. एकूण ५,१८,४८० पौंड झाले. बोलीच्या वर सुमारे ३० टक्के रक्कम द्यावी लागते हा हिशोब लहान खरेदीलाही तसाच लागू आहे, आणि हात वर करण्यापूर्वीच तो मनाशी केलेला बरा.

‘२५ ओ’ चे वाचन भाषिक दृष्टीनेही उद्बोधक आहे. ग्राहकाला ते ‘२५०’ असे वाचावयाचे असते. ‘फेरारी’च्या जुन्या गाड्यांचा एक प्रसिद्ध संच ह्याच आकड्याने ओळखला जातो. पण दप्तराच्या दृष्टीने त्यातील शेवटचा घटक शून्य नसून ‘ओ’ हे अक्षर आहे. ब्रिटिश पाट्यांच्या विहित अक्षरवळणात ‘ओ’ व शून्य ह्यांची आकृती एकच आहे, तशीच ‘आय’ व एक ह्यांचीही. मग दोहोंतला भेद कसा ओळखावयाचा? केवळ स्थानावरून. जेथे अक्षर अपेक्षित आहे तेथे ती आकृती अक्षर, जेथे अंक अपेक्षित तेथे अंक. वर्णनात्मक भाषाविज्ञानात ज्याला पूरक विनियोग म्हणतात, त्याच्याशी ह्याचे साम्य उघड आहे. एकच बाह्यरूप, दोन घटक, आणि निर्णय परिसरावरून.

४. पडताळणी

आता पडताळणीकडे वळू. एक कल्पित उदाहरण घेतल्यास नियम स्पष्ट होतील. ‘देसाई’ हे आडनाव ज्याला पाटीवर हवे आहे, अशा एखाद्या गृहस्थाला ‘डी ई ५४ वाय’ आणि त्यापुढे आणखी दोन अक्षरे असे चिन्ह विक्रीस आल्याचे कळते. इंग्रजी पाचाची आकृती ‘एस’सारखी व चाराची ‘ए’सारखी मानण्याचा प्रघात ब्रिटनमध्ये सर्वपरिचित आहे. त्या प्रघाताने पहिली पाच चिन्हे ‘देसाय’ अशी वाचता येतात. शेवटी ‘आय’ हवे असले तरी ते मिळणार नाही, कारण ते अक्षर ह्या रचनेत वर्ज्य आहे. ‘वाय’वर भागवावे लागेल. उरलेली दोन अक्षरे नावाबाहेर राहतात आणि वाचकाने ती सौजन्याने दुर्लक्षावी अशी अपेक्षा असते.

हेच चिन्ह दप्तर कसे वाचते? ‘डी’ म्हणजे वेल्सच्या सीमेवरील डीसाइडचा प्रदेश. ‘५४’ म्हणजे सप्टेंबर २००४ ते फेब्रुवारी २००५. पुढील तीन अक्षरे निरर्थक. ह्या वाचनात ‘देसाई’ कोठेही नाहीत. परंतु कायद्याने बंधनकारक आहे ते हेच वाचन, आणि म्हणून पडताळणीचे प्रश्न ह्याच वाचनातून निघतात.

पहिला प्रश्न वयाचा. गाडी आहे त्याहून नवी भासेल असे चिन्ह तिला लावता येत नाही. जुनी भासेल असे लावण्यास हरकत नाही. आपल्या उदाहरणातील चिन्ह सप्टेंबर २००४ पूर्वी नोंदलेल्या गाडीस मिळणार नाही. ज्या गाडीचे वय वा मूळ निश्चित नसल्यामुळे तिला ‘क्यू’ने सुरू होणारे चिन्ह दिलेले असते, तिला तर खाजगी चिन्ह लावताच येत नाही.

दुसरा प्रश्न, चिन्ह सध्या कोठे आहे? ते एकतर एखाद्या गाडीवर असते किंवा कागदावर असते. शासनाकडून नव्याने घेतलेल्या आणि अद्याप कोणत्याही गाडीस न लावलेल्या चिन्हासाठी ‘व्ही-७५०’ हे हक्कपत्र मिळते; गाडीवरून काढून राखून ठेवलेल्या चिन्हासाठी ‘व्ही-७७८’ हे राखणपत्र मिळते. चिन्ह कागदावर असेल तर मुदत पाहावी. २०१५ पासून ही पत्रे १० वर्षांसाठी दिली जातात. त्यापूर्वीच्या पत्रांची मुदत अल्प होती आणि त्यांचे नूतनीकरण अधिक वेळा करावे लागते. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण न झाल्यास हक्क कायमचा जातो. एखाद्याने वीस हजार पौंड दिले होते की अडीचशे, ह्याने येथे काहीच फरक पडत नाही.

चिन्ह गाडीवर असेल तर गाडीचीही परीक्षा करावी लागते. ती ब्रिटनमध्ये नोंदलेली हवी, स्वतःच्या शक्तीने चालू शकणारी हवी, वार्षिक तपासणीस पात्र असणाऱ्या प्रकारातील हवी, आणि तिचा कर भरलेला किंवा ती रस्त्याबाहेर ठेवल्याची रीतसर घोषणा केलेली हवी. अधिकाऱ्यांनी पाहावयास मागितल्यास ती दाखवता आली पाहिजे. जुन्या, गंजलेल्या गाडीवरील सुरेख चिन्ह स्वस्तात मिळत असल्याचे कोणी सांगू लागल्यास हे प्रश्न प्रथम विचारावेत. शासनाच्या विनामूल्य वाहनचौकशी-सेवेत चिन्ह घातले असता गाडीची बनावट, प्रथम नोंदणीचा काळ, कर व तपासणीची स्थिती कळते. धारकाचे नाव मात्र तेथे कळत नाही. त्यासाठी विक्रेत्याकडील मूळ कागद पाहिल्यावाचून गत्यंतर नाही.

तिसरा प्रश्न, हक्क कोणाचा? येथे ‘धारक’ व ‘मालक’ ह्या शब्दांतला भेद कसोटीस लागतो. ‘व्ही-५-सी’ ह्या नोंदणीपत्रात, ज्याला लोक अद्याप ‘लॉगबुक’ म्हणतात, नोंदणीकृत धारकाचे नाव असते. ते मालकीचा पुरावा नव्हे, असे त्या पत्रावरच छापलेले असते. चिन्ह एकदा गाडीस लागले की ते लावण्याचा हक्क त्या गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडे जातो. मुलाने पैसे देऊन वडिलांच्या आद्याक्षरांचे चिन्ह घेतले व ते वडिलांच्या नावे असलेल्या गाडीस लावले, तर पुढे ते काढून घेण्याचा अधिकार वडिलांचा. कंपनीने दिलेल्या गाडीस नोकराने स्वखर्चाने आपले चिन्ह लावले आणि गाडीची धारक कंपनी असली, तर तोच न्याय. नाव ज्याचे वाचले जाते त्याचा हक्क, असा समज स्वाभाविक आहे. कायदा मात्र नाव वाचतच नाही.

५. हस्तांतर

हस्तांतराच्या सामान्यतः दोन पायऱ्या असतात. चिन्ह गाडीवरून काढून राखणपत्रावर घ्यावयाचे, व मग नव्या गाडीस लावावयाचे. काढून घेण्याचे शुल्क ८० पौंड आहे. चिन्ह निघाल्यावर जुन्या गाडीस बहुधा तिचे मूळचे चिन्ह परत मिळते. गाडी अनामिक राहत नाही, पण तिच्या पाट्या बदलाव्या लागतात, आणि विमाकंपनीलाही कळवावे लागते. ज्याच्याकडे गाडी जाते त्याच्या नावे नवे नोंदणीपत्र येते.

येथे सर्वांत महत्त्वाचा नियम क्रमाचा आहे. गाडी विकण्यापूर्वी किंवा भंगारात देण्यापूर्वी चिन्ह काढून घेतले पाहिजे. तसे न केल्यास विकलेल्या गाडीबरोबर चिन्हाचा हक्कही नव्या धारकाकडे जातो. भंगारात दिलेल्या गाडीचे चिन्ह मूळ धारकाला गमवावे लागते. ‘गाडी विकली, नाव नाही विकले’ हे म्हणणे व्यवहारात टिकत नाही, कारण दप्तरात नाव म्हणून कशाची नोंदच नसते.

दुसरे असे, की हक्कपत्राचा कागद हातोहात दिल्याने हक्क पोचत नाही. खाजगी विक्रीत विक्रेत्याने आपल्या पत्राच्या आधारे ते चिन्ह खरेदीदाराच्या गाडीस दप्तरात लावून द्यावे लागते. त्यासाठी खरेदीदाराच्या नोंदणीपत्रातील संदर्भक्रमांक लागतो. उलट दिशेनेही सावधगिरी हवी. ‘व्ही-७५०’ किंवा ‘व्ही-७७८’ ह्या पत्राचे छायाचित्र खात्रीसाठी म्हणून कोणासही पाठवू नये. त्यातील तपशिलांच्या आधारे चिन्ह परस्पर दुसऱ्या गाडीस लावले जाऊ शकते. विक्रेत्याची चिंता आणि खरेदीदाराची चिंता अशा परस्परविरुद्ध असल्यामुळे मोठ्या रकमेच्या व्यवहारात ओळखीचा, नावाजलेला मध्यस्थ घेण्याचा प्रघात पडला आहे.

धारकाचा मृत्यू झाल्यास मृत्युपत्राचे व्यवस्थापक ते चिन्ह राखू, वारसाच्या गाडीस लावू किंवा सोडून देऊ शकतात. अशा प्रसंगी घाईने गाडी विकली जाते आणि वडिलांच्या आठवणीचे म्हणून जे जपावयाचे होते तेच प्रथम हातचे जाते. ज्या घरात असे चिन्ह आहे त्या घरात ते कोणत्या कागदावर आहे व त्याची मुदत केव्हा संपते, हे एकाहून अधिक व्यक्तींना माहीत असणे इष्ट होय.

६. पाटीवरील मांडणी आणि शासनाचे दुहेरी वाचन

चिन्ह मिळाले, तरी ते हवे तसे रंगवता येत नाही. २००१ च्या नियमांप्रमाणे अक्षराची उंची ७९ मिलिमीटर, रुंदी ५० मिलिमीटर (एक हा अंक व ‘आय’ हे अक्षर वगळून), रेघेची जाडी १४ मिलिमीटर, दोन अक्षरांतील अंतर ११ मिलिमीटर व दोन गटांतील अंतर ३३ मिलिमीटर असावे लागते. तिरके वळण चालत नाही. गट कोठे तोडावयाचा हेही ठरलेले आहे. आपल्या ‘देसाय’ उदाहरणात तो ‘५४’ नंतरच तुटतो. म्हणजे ‘देसा’ एकीकडे व ‘वाय’सह तीन अक्षरे दुसरीकडे.

वाचनाच्या दृष्टीने मोकळी जागा हीही एक खूण आहे. पदच्छेद बदलला की अर्थ बदलतो, हे संस्कृत काव्याच्या अभ्यासकांस सांगावयास नको. चिन्ह विकत घेणाऱ्यास हाच पदच्छेद बदलण्याचा मोह होतो. अंतर कमीजास्त करणे, काळा स्क्रू मोक्याच्या ठिकाणी बसवून एका आकृतीची दुसरी भासवणे, अंकाला अक्षराचे वळण देणे असे प्रकार त्यामुळे घडतात. ह्याबद्दल १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, वार्षिक तपासणीत गाडी नापास होऊ शकते, आणि प्रसंगी चिन्हच काढून घेतले जाऊ शकते. म्हणजे वाचन सुलभ करण्याच्या खटाटोपात ज्याचे वाचन करावयाचे ते चिन्हच नाहीसे होण्याचा संभव असतो.

तथापि शासन ही चिन्हे वाचतच नाही, असे म्हणणे पूर्णतः खरे होणार नाही. दर सहामाहीस नवी चिन्हे बाहेर पडण्यापूर्वी त्यांतील अश्लील, अपमानकारक किंवा भावना दुखावणारी वाचता येतील अशी चिन्हे अधिकारी शोधून मागे ठेवतात. लिलावासाठी निवडली जाणारी चिन्हेही वाचनीय असतात म्हणूनच निवडली जातात. तात्पर्य, शासन विक्रेता म्हणून वाचते आणि सभ्यतेचे रक्षक म्हणूनही वाचते. फक्त नियामक म्हणून वाचावयाचे नाकारते. विक्रीच्या वेळी ज्या साम्यावर भाव चढतो, तेच साम्य पाटीवर थोडे स्पष्ट करून दाखवले की दंड होतो. हे न्याय्य आहे की नाही ह्याविषयी मतभेद संभवतो. पण नियामकाची अडचणही समजण्यासारखी आहे. रस्त्यावर अपघात करून पळालेल्या गाडीचे चिन्ह पाहणाऱ्याने, किंवा ते टिपणाऱ्या यंत्राने, एकाच प्रकारे वाचले पाहिजे. ज्या चिन्हाची दोन वाचने होतात ते ओळख पटवण्याच्या कामी निकामी ठरते.

७. मराठी पाट्यांशी तुलना

महाराष्ट्रातील वाचकास येथे आपल्याकडील पाट्यांची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. १९८९ पासून आपल्याकडील चिन्हात राज्याची दोन अक्षरे, कार्यालयाचा क्रमांक, मालिकेची अक्षरे व चारपर्यंत अंक अशी रचना आहे. विहित शुल्क भरून पसंतीचा क्रमांक राखून घेता येतो. पण निवड करावयाची ती मुख्यतः अंकांतून. त्यामुळे नाव वाचावयाचे तर अंकांतच वाचावे लागते, आणि तेथे नागरी लिपी कामास आली.

‘४१४१’ हे नागरीत ‘दादा’, ‘२१४’ हे ‘राम’, ‘४९१२’ हे ‘पवार’ असे वाचण्याची लोकरीत सर्वांच्या पाहण्यातली आहे. तिच्याकडे थोडे बारकाईने पाहावे. पहिल्या उदाहरणात ‘४’ ही आकृती ‘द’ होते, दुसऱ्यात ‘म’ होते, तिसऱ्यात ‘प’ होते. एकाच अंकाला तीन अक्षरमूल्ये आहेत, आणि त्यांपैकी कोणते घ्यावयाचे हे अंक सांगत नाही. ते वाचकाच्या मनात आधीच असलेला शब्द सांगतो. ‘१’ मात्र बहुधा कान्याचेच काम करतो, कारण उभ्या रेघेचे साम्य स्थिर आहे. ब्रिटिश प्रघातात पाच म्हणजे ‘एस’ हे समीकरण बरेचसे ठरलेले आहे. आपल्याकडे ते रंगाऱ्याच्या कुंचल्यावर अवलंबून आहे. ‘४’ चे पोट किती फुगवावयाचे, शिरोरेघ द्यावयाची की नाही, हे तोच ठरवतो.

ह्यावरून आणखी एक भेद दिसतो. ब्रिटनमधील वाचन चिन्हात बीजरूपाने असते, कारण अक्षरे चिन्हाचाच भाग आहेत. मराठी वाचन चिन्हात नसून पाटीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे पाटीवर रोमन अक्षरे व इंग्रजी वळणाचे अंकच हवेत. त्या वळणात ‘४१४१’ हा केवळ एक आकडा उरतो, ‘दादा’ नाहीसे होतात. ‘८०५५’ मधला ‘बॉस’ तेवढा टिकतो, कारण तो मुळातच इंग्रजी अंकांच्या आकृतींवर बेतलेला आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाल्यापासून रंगाऱ्याचे क्षेत्रही आकुंचित झाले आहे. ज्याने ‘४१४१’ साठी शुल्क भरले त्याचा क्रमांक त्याच्याकडे सुरक्षित आहे. वाचन मात्र लिपीबरोबर गेले. ब्रिटिश उदाहरणांतून काढलेला निष्कर्षच येथे वेगळ्या वाटेने सिद्ध होतो.

८. समारोप

वरील विवेचनाचा व्यावहारिक निष्कर्ष थोडक्यात असा. असे चिन्ह घेऊ इच्छिणाऱ्याने प्रथम ते आपल्या आवडीच्या वाचनाने न वाचता दप्तराच्या वाचनाने वाचावे: त्यातील काळ कोणता, ते गाडीवर आहे की कागदावर, कागदाची मुदत केव्हापर्यंत, आणि हक्क कोणाच्या नावे. ह्या चारही प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाल्यावर विहित अंतर राखून ते कागदावर लिहून पाहावे व त्यात हवे ते नाव अद्याप दिसते काय हे पाहावे. दिसत असेल तरच किंमत ठरवावी. हस्तांतराच्या वेळी चिन्ह आधी, गाडी नंतर, हा क्रम मोडू नये.

अभ्यासाच्या दृष्टीने पाहता, लिपीतील आकृतिसाम्य, पूरक विनियोग, पदच्छेद व अर्थनिर्णय ह्या चारही प्रश्नांची साधी व पडताळून पाहता येण्याजोगी सामग्री येथे रस्त्यावरच उपलब्ध आहे. मराठी नागरी अंकांना लोकांनी कोणकोणती अक्षरमूल्ये दिली ह्याचे पद्धतशीर संकलन होणे आवश्यक आहे. जुन्या रंगवलेल्या पाट्या झपाट्याने नाहीशा होत असल्यामुळे हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी आपापल्या तालुक्यापुरते जरी ते हाती घेतले, तरी मराठी लिपीच्या अभ्यासात त्याची उपयुक्त भर पडेल.